चुना, तंबाखू आणि एक प्रोटॉन

साशंक : सर, शरीर समजून घ्यायचं तर आधी रसायनशास्त्र शिका, हा तुमचा आग्रह मला पटत नाही. मी निपाणी भागात दवाखाना चालवतो. माझ्याकडे खोकणारा माणूस येतो, गालात पांढरा चट्टा घेऊन माणूस येतो, तंबाखूच्या वखारीतून गरगरतंय म्हणून बाई येते. त्यांना काय झालंय हे ओळखायला मला डोळे लागतात, बोटं लागतात आणि चार प्रश्न नीट विचारता यावे लागतात. संयुजा, मोल, बंध हे सगळं मी पीयूसीला पाठ केलं, परीक्षेत लिहिलं. रोगी तपासताना त्याची आठवण कधी काढावी लागली नाही. आपल्या सीमाभागातल्या मुलांचं तर बघा. दहावीपर्यंत मराठीत शिकायचं आणि अकरावीला एकदम इंग्रजी विज्ञानात उतरायचं. हृदय कसं धडधडतं, भूक का लागते, या कुतूहलानं पोरगं जीवशास्त्राचं पुस्तक उघडतं आणि पहिल्या काही पानांतच अणू, आयन, सामू यांच्याशी गाठ पडते. तिथंच कितीतरी पोरं मागं फिरतात. शरीर हे माणसाचं सगळ्यात ओळखीचं गाव आहे. त्याच्या वेशीवर तुम्ही रसायनाचं नाकं का बसवता?

आग्रही : कारण त्या ओळखीच्या शरीरात रोज घडणाऱ्या साध्या गोष्टीचाही उलगडा रसायनाशिवाय होत नाही. तुमच्याच रोग्याकडे बघा. तो तळहातावर चिमूटभर तंबाखू घेतो, डबीतला चुना बोटानं लावतो, अंगठ्यानं मळतो, थाप मारून भुकटी उडवतो आणि बार ओठामागं ठेवतो. चुना कशाला, म्हणून विचारा. 'त्याशिवाय लागत नाही' असं तो सांगेल. हे 'लागणं' काय आहे? शरीररचनेच्या कुठल्याही आकृतीत ते दिसणार नाही. निकोटिनचा रेणू घ्या : 10 कार्बन, 14 हायड्रोजन, 2 नायट्रोजन. त्यातल्या एका नायट्रोजनला आसपासचा हायड्रोजन आयन, म्हणजे एक प्रोटॉन, उचलून घेता येतो. आम्लाकडे झुकलेल्या द्रवात असे प्रोटॉन पुष्कळ असतात, म्हणून तिथं बहुतेक रेणू तो उचलून धनप्रभारित होतात. अल्कधर्मी द्रवात प्रोटॉन दुर्मीळ, म्हणून तिथं रेणू मोकळा राहतो. आता गालाच्या अस्तराची पेशी बघा. तिच्याभोवतीचं पटल स्निग्ध रेणूंच्या दोन थरांचं असतं. प्रभारित रेणूला पाण्याचे रेणू वेढून बसतात, त्यामुळं तो या तेलकट पटलातून सहजी जात नाही. मोकळा रेणू जातो.

द्रव किती आम्ल, किती अल्कधर्मी हे सांगणारा अंक म्हणजे सामू. निकोटिनच्या बाबतीत हा तोल सामू 8 च्या आसपास आहे. तिथं निम्मे रेणू प्रभारित, निम्मे मोकळे. सामू एका अंकानं बदलला की मोकळे आणि प्रभारित यांचं गुणोत्तर दहापट बदलतं. लाळेचा सामू साधारण 7 च्या जवळ. तिथं शंभरातले नऊ रेणू मोकळे. चुन्यानं बार 9 वर नेला तर शंभरातले नव्वद. तंबाखू तेवढीच, निकोटिन तेवढंच. पटल ओलांडू शकणारा वाटा मात्र दहापट. तुमच्या रोग्याचं 'लागणं' ते हेच.

साशंक : सुंदर आहे. पण त्या माणसाला हे आधीच ठाऊक होतं की! विड्यात चुना घालणाऱ्यांना ठाऊक होतं. दक्षिण अमेरिकेत अँडीज पर्वतातले लोक कोकाची पानं चघळताना शेकडो वर्षं चुना किंवा राख घेत आले. त्यांना कुणी प्रोटॉन शिकवला नव्हता. तळहातानं आणि जिभेनं शोध लावला, पिढ्यांनी तो जपला. तुमचं शास्त्र मागाहून आलं आणि त्यानं झालेल्या गोष्टीला नाव दिलं. मला सांगा, या नावानं नवीन काय कळलं?

आग्रही : एकच नियम किती ठिकाणी लागू पडतो, हे कळलं. तळहाताला फक्त तळहातातलं कळतं. तंबाखू गिळली तर ती तशी का लागत नाही? जठरात आम्ल आहे, तिथं जवळजवळ सगळं निकोटिन प्रभारित होऊन बसतं. पुढं आतड्यात शोषलं गेलं तरी आधी यकृतातून जातं आणि यकृत त्याचा मोठा भाग मोडून टाकतं. सिगारेटचा धूर छातीत का ओढावा लागतो, आणि सिगारचा तोंडात धरून का भागतं? सिगारेटच्या तंबाखूचा धूर आम्लाकडे झुकतो, सिगारचा अल्कलीकडे. पिकावरच्या मावा किडीवर फवारायला पूर्वी निकोटिन सल्फेट मिळायचं. हे प्रभारित रूपातलं मीठ. फवारताना त्यात साबण घालायचे. साबणानं थेंब पानावर पसरतो हे खरं, पण साबणाचं पाणी अल्कधर्मी असतं आणि ते निकोटिनला मोकळं करतं. मावा मारणारा साबण आणि बारातला चुना एकच काम करतात, हे शेतकऱ्याच्या किंवा खाणाऱ्याच्या अनुभवातून आपोआप जुळत नाही.

आणि गंमत पुढं आहे. रक्ताचा सामू 7.35 ते 7.45 च्या अरुंद पट्ट्यात राहतो. तिथं पोचलेल्या निकोटिनपैकी पाचातले चार रेणू पुन्हा प्रोटॉन उचलतात. मेंदूतल्या ज्या ग्राहीवर निकोटिन जाऊन बसतं, तिथं बसतं ते प्रभारित रूपच, कारण ती जागा मुळात ॲसिटिलकोलिन या आपल्या शरीरातल्या धनप्रभारित रेणूसाठी आहे. म्हणजे आत शिरताना प्रोटॉन टाकायचा आणि काम करताना परत घ्यायचा. एका नायट्रोजनच्या या देवघेवीवर व्यसन उभं आहे. ग्राही ही कल्पनासुद्धा निकोटिननंच दिली. केंब्रिजच्या जॉन लँगली यांनी 1905 साली निकोटिन आणि क्युरारे हे विष स्नायूंवर वापरून बघितलं आणि पेशीत काहीतरी 'ग्रहण करणारा पदार्थ' असला पाहिजे असं मांडलं. आज बरंचसं औषधशास्त्र त्या कल्पनेच्या भाषेत बोलतं. निपाणीच्या शेतातल्या रेणूनं शरीराबद्दलचं एक मोठं कोडं सोडवायला मदत केली. ही गोष्ट आपल्या मुलांना कुणी सांगत नाही, याचं मला वाईट वाटतं.

साशंक : वाईट वाटायच्या गोष्टी इथं पुष्कळ आहेत. तुम्ही एका प्रोटॉनवर व्यसन उभं केलंत, पण ते इथं ज्यावर उभं राहिलं त्यात रोजगार आहे, भूक आहे, रात्रीची पाळी आहे. भूक मारायला बायका मिसरी लावतात. वखारीत तंबाखू कुटणाऱ्या, चाळणाऱ्या बायकांबद्दल अनिल अवचटांनी लिहिलं. 1982 साली 'युगांतर' गटानं त्यांच्यावर माहितीपट केला. त्यात धूळ आहे, तुटपुंजी मजुरी आहे, मालकाची नजर आहे आणि एकत्र येऊन उभं राहणं आहे. त्या बायकांचं जिणं जेवढं बदललं तेवढं संघटनेनं बदललं. 1981 साली तंबाखू पिकवणाऱ्यांनी शरद जोशींच्या नेतृत्वाखाली महामार्गावर ठाण मांडलं, गोळीबारात शेतकरी मेले, तेही भावासाठी. रेणूच्या चित्रात भाव नसतो, मालक नसतो. शरीराला रसायनात बसवलं की गरगरणाऱ्या बाईच्या जागी 'निकोटिनचा परिणाम' उरतो आणि तिला त्या धुळीत बसवणारा माणूस चित्रातून निघून जातो.

बरं, तंबाखूनं कर्करोग होतो हे तरी रसायनशास्त्रानं शोधलं का? ते मोजणीनं शोधलं. 1950 साली ब्रिटनमध्ये डॉल आणि हिल यांनी रुग्णालयांतले रोगी मोजले. आपल्याकडे टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या फली मेहता यांच्या गटानं 1960 च्या दशकात पाच जिल्ह्यांतल्या सुमारे 50 हजार गावकऱ्यांची तोंडं तपासली. कोण काय खातं, कुठं ठेवतं आणि चट्टा कुठं येतो. बार जिथं ठेवायचा तिथंच रोग. त्याला प्रयोगशाळा लागली नाही, चिकाटी लागली.

आग्रही : मोजणीचं श्रेय मी काढून घेत नाही. पण तिचं उत्तर कुठं थांबतं ते बघा. तंबाखू खाणाऱ्याला कर्करोग होतो, इथपर्यंत मोजणी आणते. तंबाखूतलं काय कर्करोग करतं? सोडता न येण्याचं कारण आणि कर्करोगाचं कारण एकच का? रसायन सांगतं की एक नाही. सवय लावतं निकोटिन. कर्करोगाचा मुख्य आरोप ज्यांच्यावर आहे ते नायट्रोसामाइन. पान वाळताना, मुरताना त्यातल्या नायट्राइटची निकोटिनशी आणि त्याच्या भावंड रेणूंशी अभिक्रिया होऊन ते तयार होतात. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनं त्यातले दोन, एनएनएन आणि एनएनके, पहिल्या गटात घातले आहेत. माणसात कर्करोग करणारे म्हणून. ते स्वतः तितके आक्रमक नसतात. परका रेणू विरघळवून बाहेर टाकायला शरीराकडे जी विकरं आहेत, तीच त्यांना अशा रूपात बदलतात की ते डीएनएच्या अक्षरांना जाऊन चिकटतात. शरीराची साफसफाईच इथं घात करते.

हे वेगळं काढता आलं म्हणून निकोटिनचा गम शक्य झाला : सवयीपुरतं निकोटिन द्यायचं, नायट्रोसामाइन आणि धूर बाजूला ठेवायचे. त्या गममध्ये काय घातलेलं असतं, डॉक्टर? कार्बोनेट. म्हणजे चुन्याचंच काम करणारा सौम्य भाऊ. म्हणून तर गम चघळण्याच्या आधी पंधरा मिनिटं आंबट पेय, कॉफी घेऊ नका असं सांगतात. तोंड आंबट झालं की निकोटिन प्रोटॉन उचलतं आणि गालाबाहेरच राहतं. रोग्याला वाटतं, गमचा काही उपयोग नाही. तो परत डबीकडे वळतो.

साशंक : ते पत्रकावर छापलेलं असतं. ते सांगायला रसायनशास्त्र लागत नाही.

आग्रही : पत्रकावर कॉफी छापलेली असते. तुमचा रोगी विचारतो, 'डॉक्टर, ताक चालेल काय?' सोलकढी? लिंबू सरबत? चिंचेची आमटी जेवल्यावर लगेच? पत्रक लिहिणाऱ्यानं चिकोडीचं जेवण बघितलेलं नाही. नियम ठाऊक असलेला माणूस याची उत्तरं स्वतः काढतो. पाठ केलेला माणूस पत्रकाच्या शेवटच्या ओळीवर थांबतो. मूलभूत रसायन शिकवा म्हणताना मला एवढंच हवं आहे. मोलची गणितं मागाहून आली तरी चालतील.

आणि वखारीतल्या बायकांबद्दल म्हणालात ते मला लागलं, म्हणून थोडं सविस्तर बोलतो. नवी बाई कामाला येते, तिला मळमळतं, गरगरतं. जुन्या बायका सांगतात, चार दिवसांत सवय होईल. आणि सवय होते. अनुभवाच्या हिशोबात इथं प्रश्न मिटला, कारण शरीर तक्रार करायचं थांबलं. पण रेणूच्या पातळीवर काय झालं? निकोटिन सतत येत राहिलं की मेंदूतल्या ग्राही बधिर होतात, पुढं त्यांची संख्या वाढते. बाईला बरं वाटायला लागणं ही तिच्या मज्जासंस्थेत झालेल्या बदलाची खूण आहे. धूळ तेवढीच आत जाते आहे. जे लगेच जाणवतं ते अनुभव बरोबर ओळखतो. चुना त्यानं असाच ओळखला. जे वीस वर्षांनी उगवतं, किंवा जाणवायचंच थांबतं, तिथं त्याला काही दिसत नाही. अशा ठिकाणी रसायनाशिवाय दुसरा डोळा नाही.

मालक चित्रातून निघून जातो म्हणता. उलट त्याला धरून आणता येतं. निकोटिन रक्तात दोनेक तासांत निम्मं होतं, पण यकृत त्याचं कोटिनिन करतं आणि ते सोळा-सतरा तासांनी निम्मं होतं. म्हणून दुसऱ्या दिवशीही लघवीत सापडतं. 'मिसरी लावतेस म्हणून गरगरतं' असं म्हणून बाईलाच दोष देता येतो. जी तंबाखूला शिवत नाही तिच्या लघवीत कोटिनिन निघालं तर ते कुठून आलं? अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक स्वास्थ्य संस्थेनं गुजरातमधल्या तंबाखू कामगारांमध्ये असं मोजून बघितलं आहे, आणि तंबाखू न घेणाऱ्यांतही ते सापडलं. दव पडलेल्या ओल्या पानांत काम करणाऱ्यांच्या तर कातडीतून निकोटिन आत जातं, उलट्या, चक्कर. जगभर तंबाखूच्या शेतांत हा आजार ओळखीचा आहे.

साशंक : ही तपासणी लिहून कोण देणार? मी दिली तर पैसे कोण भरणार? आणि कागद हातात घेऊन ती बाई वखारीत गेली तर दुसऱ्या दिवशी तिला काम मिळेल का? पुरावा आहे हे मी मान्य करतो. पुरावा वापरायची ताकद रसायनातून येत नाही. संघटना नसलेल्या बाईच्या हातात तुमचं कोटिनिन म्हणजे एक कागद.

दुसरं सांगतो, आणि हे मला जास्त टोचतं. तुमचा प्रोटॉन ज्यांनी सगळ्यात नीट अभ्यासला ते विकणारे होते. तंबाखूत अमोनियासारखे अल्कधर्मी पदार्थ घालून निकोटिन मोकळं करायची युक्ती सिगारेटवाल्यांना अवगत होती. मग ई-सिगारेट आली. तिथं उलटं केलं : बेंझोइक आम्ल घालून निकोटिनचं मीठ केलं, त्यामुळं घसा जळजळत नाही आणि पोरगंसुद्धा खोल झुरका घेतं. भारतानं 2019 साली ती बंद केली. म्हणजे सामू वर नेऊन विकायचं आणि खाली आणूनही विकायचं. ज्ञान होतंच की त्यांच्याकडे, आपल्या सगळ्या शिक्षकांपेक्षा जास्त.

आग्रही : हे खरं आहे आणि त्याला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. पण यातून निघतं काय? विकणाऱ्याला सामू कळतो आणि विकत घेणाऱ्याला कळत नाही, ही विषमता तशीच ठेवायची का? 2016-17 च्या राष्ट्रीय पाहणीत देशातले सुमारे 26.7 कोटी प्रौढ तंबाखू घेणारे निघाले आणि त्यातले बहुसंख्य धूरविरहित तंबाखू घेणारे. त्यांना पाकिटावरचं भयंकर चित्र दिसतं. आत काय चाललं आहे ते कुणी सांगत नाही. नुसतं भय दाखवलेला माणूस चित्राला सरावतो, जशी ती बाई धुळीला सरावली.

साशंक : समजा तुम्ही सांगितलंत. मला वर्ग दिसतो. पहिल्या बाकावरच्या मुलाची फी तंबाखूच्या पिकातून आली आहे. शेंडा खुडायला, फुटवे काढायला सुट्टीत तो स्वतः शेतात जातो. तुम्ही त्याला नायट्रोसामाइन शिकवणार. त्याला काय ऐकू येईल? माझा बाप विष पिकवतो.

आग्रही : तो प्रश्न मी टाळत नाही. पण त्याला शेंडा का खुडतात हेसुद्धा मी शिकवणार. निकोटिन पानात दिसतं, तयार होतं मुळात. तंबाखूच्या मुळावर टोमॅटोचं कलम केलं तर टोमॅटोच्या पानांत निकोटिन येतं. उलट केलं तर तंबाखूच्या पानांत ते जवळजवळ येत नाही. शेंडा खुडला की झाडाला ती जखम वाटते, मुळं जास्त निकोटिन करतात आणि ते पानांत साठतं. किडीपासून बचावाचं झाडाचं हे हत्यार. त्या मुलाच्या हातून हे रसायन घडतं आहे. त्याच्या बापाला दोषी न ठरवता हे सांगता येतं, आणि पानं ओली असताना उघड्या अंगानं शेतात जाऊ नये, हेही त्याच तासात सांगता येतं.

साशंक : आणि प्रयोग? तंबाखू वर्गात आणणार असाल तर माझा सक्त विरोध आहे. तुम्हीच म्हणालात, कातडीतून जातं.

आग्रही : तंबाखू नकोच. हळद पुरे. हळदीच्या पाण्यात बुडवून वाळवलेला कागद साधारण सामू 7.4 पर्यंत पिवळा राहतो आणि 8.6 च्या पुढं तांबडा होतो. हळदीवर चुन्याचं पाणी टाकून कुंकवासारखा रंग होताना आपल्या घरांनी पिढ्यान्‌पिढ्या बघितला आहे. नेमक्या याच पट्ट्यात निकोटिनचा तोल बदलतो. कागद पिवळा तर बहुतेक रेणू पटलाबाहेर अडकलेले, कागद तांबडा तर बहुतेक आत शिरायला मोकळे. इतका चपखल मापक आपल्या स्वयंपाकघरात पडून आहे. मुलांनी लाळ तपासावी, ताक तपासावं, साबणाचं पाणी तपासावं, चुन्याची निवळी शिक्षकांनी स्वतः हाताळून दाखवावी. चुन्याच्या निवळीचा सामू 12 च्या वर असतो. गालाचं अस्तर त्यानं का सोलवटतं हेही तिथंच कळेल. मग फळ्यावर पटल काढावं.

साशंक : एवढं मला चालेल. पण क्रम माझा ठेवा. आधी गाल दाखवा, चट्टा दाखवा, बाईचं गरगरणं सांगा, तिला रोज किती मिळतो ते सांगा, आणि मुलांनी 'असं का' म्हणून विचारल्यावरच हळदीचा कागद काढा. प्रश्न पडायच्या आधी दिलेला प्रोटॉन पाठ होतो, आणि पाठ झालेलं माझ्या दवाखान्यापर्यंत येत नाही.

आग्रही : आणि मला भीती ही, की आधी चट्टा दाखवला तर मुलं घाबरतील आणि 'असं का' विचारायच्या ऐवजी मान फिरवतील. रंग बदलताना बघितलेलं मूल विचारतंच. यावर आपलं जमणार नाही असं दिसतं. तेव्हा निपाणी, चिकोडी, संकेश्वर, बेळगाव इथल्या शाळांमधून विज्ञान शिकवणाऱ्यांना माझी विनंती आहे : दोन्ही करून बघा. एका तुकडीला आधी हळद, दुसरीला आधी चट्टा. महिन्याभरानं दोन्ही तुकड्यांना एकच प्रश्न घाला, गम चघळणाऱ्यानं ताक कधी प्यावं, आणि कुणाला कारणासकट उत्तर देता येतं ते आम्हाला कळवा.